दोन्ही एकाच वेळी चालू हव्यात

विंडोजबरोबर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीमही शिकायची ठरली, की मुलं डिस्कचे दोन भाग पाडतात, ग्रब हा प्रोग्राम बसवतात आणि संगणक सुरू करताना त्याच्या यादीतून एक निवडतात; हेच ड्युअल बूट. खर्च काही नाही, हे खरं. पण शिकण्यासाठी ही सोय अपुरी आहे, आणि मी आज तेवढंच सांगायला आलो आहे.

एका शेगडीवरचा स्वयंपाक आठवा. भात उतरवल्याशिवाय आमटी चढत नाही, आणि आमटी होईतो भात निवतो. ड्युअल बूटचं तसंच होतं. लिनक्समध्ये प्रिंटर अडला, की मुलगा विंडोजमध्ये जातो, पान छापून घेतो आणि तिथेच रमतो. अरे, शिकण्यासारखं होतं ते त्या अडचणीतच! शेजारी दुसरी शेगडी पेटलेली असली, की एकीवर भात रटरटतो, दुसरीवर फोडणी बसते आणि दोन्हींकडे लक्ष ठेवायची सवय लागते.

ही दुसरी शेगडी म्हणजे जुना संगणक. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ न चालणारे कितीतरी संगणक घरोघरी धूळ खात आहेत. त्यांतल्या एकावर लिनक्स मिंट घाला आणि दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडा. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेलं सांबा हे सॉफ्टवेअर दोघांमध्ये फाइलींची देवघेव करून देतं. विंडोजच्या काळ्या पडद्यावरून एसएसएच या आज्ञेने लिनक्सच्या संगणकात शिरा. फाइलच्या नावातलं इंग्रजी अक्षर मोठं की लहान, हा फरक लिनक्स मानतं, विंडोज मानत नाही. दोन्ही पडदे समोर असले, की हे पाठ करावं लागत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, दोन्ही सिस्टीम एकाच वेळी चालू हव्यात.

व्हर्च्युअल मशीनमध्येही दोन्ही एकदम चालतात, पण मेमरी भरपूर लागते. ज्यांच्याकडे एकच संगणक आहे, त्यांनी ड्युअल बूट करताना आधी विंडोजच्या बिटलॉकर या डिस्क-कुलपाची रिकव्हरी की कागदावर उतरवावी आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करावं. नाहीतर विंडोज पुरतं बंद होत नाही आणि लिनक्सला डिस्कच्या विंडोज असलेल्या भागात लिहिता येत नाही. लिनक्समधून परतल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं, तर घाबरू नका. संगणकातली वेळ लिनक्स जागतिक धरतं, विंडोज स्थानिक.

आणि पालकांनो, जुना संगणक भंगारात देण्याआधी एकदा मुलांना विचारा.