जुनी गाडी आणि तिचे ब्रेक
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, हे तर गॅरेजमधलं काम, आपला काय संबंध? पण नागपुरात धरमपेठ, महाल, सदर अशा जुन्या वस्त्यांमधून फिरताना एखाद्या पोर्चमध्ये अजूनही प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर उभी दिसते. सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली, विकायला कुणाचं मन होत नाही अशी. रोजच्या कामाला नवी गाडी असते. ही दसऱ्याला पुसायची, हार घालायचा आणि घरात लग्न निघालं की सजवून बाहेर काढायची. त्या दिवशी तिच्यात कोण बसतं? नवरी, आजी आणि मागच्या सीटवर दाटीवाटीनं चार पोरं. म्हणून या गाडीच्या ब्रेकची चौकशी घरातल्या बाईनं करायलाच हवी.

पद्मिनी ही आपल्या महाराष्ट्रात तयार झालेली गाडी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होत असे. पुढे तिचंच नाव पद्मिनी झालं. २००० सालच्या आसपास तिचं उत्पादन थांबलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. हिंदुस्तान मोटर्सची अॅम्बेसेडर २०१४ साली बंद पडली. म्हणजे या गाड्या आता कंपनीच्या भरवशावर नाहीत, आपल्या भरवशावर आहेत.

सहा महिने उभी असलेली गाडी नवीन बॅटरी टाकली की सुरू होते आणि घरात सगळे खूश होतात. पण इंजिन सुरू झालं म्हणजे ब्रेक ठीक आहेत असं नाही. उलट, गाडी नुसती उभी राहिली तरी ब्रेक खराब होतात. कसे, ते समजून घेऊ.

इंजेक्शनच्या दोन सिरिंज घ्या, पाणी भरा आणि मध्ये एक नळी जोडा. एका सिरिंजचा दट्ट्या दाबला की दुसरीचा बाहेर येतो. ब्रेकचं काम असंच चालतं. तुम्ही पेडल दाबता, मास्टर सिलेंडरमधलं ब्रेक ऑइल नळ्यांतून चारही चाकांकडे ढकललं जातं, चाकातला छोटा सिलेंडर दोन अर्धगोल पट्ट्या बाहेर रेटतो. त्यांना ब्रेक शू म्हणतात. त्यांच्यावर लायनिंग असतं. ते फिरत्या ड्रमला आतून घासतं आणि गाडी थांबते. त्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला तर? हवा दबते, जोर पुढे जात नाही.

आता, आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नाहीच. ते वेगळं रसायन आहे आणि हवेतला ओलावा ते शोषून घेतं, उघड्या बरणीतल्या मिठासारखं. ओलावा शिरला की सिलेंडर आतून गंजतो आणि ऑइल लवकर उकळतं. बाटलीवर डॉट ३ लिहिलेलं असतं, ते नवं असताना साधारण २०५ अंशांपर्यंत टिकतं. पाणी शोषलेलं असेल तर १४० अंशांतच उकळू शकतं. उकळलं की वाफ होते आणि वाफ हवेसारखीच दबते. चिखलदऱ्याच्या घाटात उतारावर सारखा ब्रेक दाबत राहिलं तर नेमकं हेच होऊ शकतं. त्यातून साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत चारही चाकांना एकच लाइन असायची. कुठेही मोठी गळती झाली की सगळे ब्रेक एकदम गेले. म्हणून गाडी चालो की न चालो, दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलायचं. नवं ऑइल सीलबंद डब्यातलंच हवं. अर्धी राहिलेली जुनी बाटली वापरू नका. आणि त्यात इंजिन ऑइल चुकूनही पडू देऊ नका, आतले रबर फुगून निकामी होतात.

मैत्रिणींनो, ब्रेकची अर्धी तपासणी हत्यारांशिवाय होते. गाडी उभी असताना पेडल दाबून बघा. पहिल्यांदा खोल गेलं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर घट्ट लागलं, तर बहुधा लायनिंग झिजलंय किंवा शू अॅडजस्ट करायचे राहिलेत. स्पंजासारखं मऊ लागलं, तर हवा शिरली आहे. पेडल मिनिटभर दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली जात राहिलं, तर मास्टर सिलेंडरचा रबर गेला आहे किंवा कुठेतरी गळती आहे. अशी गाडी गेटबाहेर काढायची नाही. ‘जवळच तर जायचंय’ असं कुणी म्हटलं तरी नाही.

मग बॉनेट उघडून ऑइलची डबी बघा. परत परत भरावं लागत असेल तर ते कुठेतरी जातंय. चाकांच्या आतल्या बाजूला ओला डाग दिसतो का, तेही बघा. चालवताना ब्रेक लावल्यावर गाडी एका अंगाला ओढत असेल, तर दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागत नाहीत. थोडं फिरून आल्यावर एका चाकाजवळ जळका वास आला, किंवा हात जवळ नेल्यावर तेच चाक जास्त तापलेलं जाणवलं, तर शू सुटत नाही आहे. हात लावू नका, चटका बसेल.

मिस्त्रीकडे गेल्यावर ‘ब्रेक बघून द्या’ एवढंच म्हणू नका. काय दिसलं ते सांगा आणि चार गोष्टी विचारा. लायनिंग समोरासमोरच्या दोन्ही चाकांचं बदलणार ना? सिलेंडरचे रबर आणि जुने रबरी पाइप बदलणार ना? ड्रमला चरे पडले असतील तर तो लेथवर घासून घेतात, पण तेवढी जाडी शिल्लक आहे का? आणि काढलेले जुने भाग मला दाखवाल ना? तयार शू मिळाले नाहीत, तर जुन्याच शूवर नवं लायनिंग बसवून मिळतं. ते काम जाणणाऱ्याकडूनच करून घ्या.

एक सूचना मिस्त्रीदादांसाठीही. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर ती काळी भुकटी फुंकरीनं किंवा हवेच्या पाइपनं उडवायची नाही. ती छातीत गेली तर वर्षानुवर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. ओल्या फडक्यानं पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. हे काम अंगणात चाललं असेल तर मुलांना आत घ्या.

शेवटी हवा काढायची असते. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. इथे पेडलवर एक माणूस लागतो. तिथे तुम्ही बसा. मिस्त्री म्हणेल, ‘दाबा, धरून ठेवा.’ तो चाकाजवळचा निपल सोडेल, बुडबुडे निघतील, तो निपल घट्ट करेल, मगच पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालतं. काम झाल्यावर पेडल कसं लागायला हवं, हे तुमच्या पायाला कायमचं कळतं.

आपल्या पावसाचंही सांगते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशा बुडालेल्या गाडीचे चारही ड्रम उघडून बघावे लागतात. इंजिन सुरू झालं म्हणून समाधान मानू नका. नुसत्या साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, तरी ओले ड्रम काही वेळ नीट पकडत नाहीत. पुढे हळू चालवत पेडल दोन-तीनदा हलकं दाबायचं, म्हणजे ते कोरडे होतात. घाटात मात्र खालच्या गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे ब्रेकवर सगळा भार येत नाही. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसाळ्यात शू ड्रमला चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना पुढूनमागून लाकडी ठोकळे लावा.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण होतं, पुढे दर पाच वर्षांनी, आणि तेव्हा आरटीओत तपासणी होते. पण ती त्या दिवसापुरती. मधली पाच वर्षं बघायचं कुणी? आपणच. तेव्हा पाऊस सरला की खंडेनवमीच्या आधी एक दिवस ब्रेकसाठी ठेवा. ऑइल बदलल्याची तारीख कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. रिकाम्या जागेत वीसच्या वेगानं चालवून ब्रेक लावून बघा. गाडी सरळ रेषेत, न ओढता थांबली, की मग खुशाल हार घाला आणि नवरीला आणायला पाठवा.