गोळी कोठे थांबते?
अमेरिकेत गृहरक्षणासाठी रायफल बाळगणाऱ्याने काडतूस निवडताना प्रथम भिंतीचा विचार करावा लागतो. तेथील घरांच्या आतील भिंती बहुधा जिप्समच्या पातळ फळ्यांच्या असतात. पूर्ण धातुवेष्टित गोळी त्या भेदून पलीकडे निजलेल्या बालकापर्यंत पोहोचू शकते. म्हणून अनेक जाणकार शरीरात शिरताच पसरणारी गोळी सुचवतात. अशाच गोळ्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळील दमदमच्या कारखान्यात घडल्या. १८९९च्या हेग घोषणेने त्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. मात्र नेम चुकला, तर तीही भिंत भेदतेच. तेव्हा घरातील माणसे कोणत्या खोलीत आहेत हे जाणणे आणि शस्त्र मुलांपासून कुलपात ठेवणे, हे काडतुसाच्या निवडीआधीचे कर्तव्य होय. सुटलेली गोळी परतत नाही. तिचे उत्तरदायित्व मात्र परतून येते.