शरीरशुद्धी, पचन आणि आहार



शरीर आतून स्वच्छ राहावे, ही इच्छा फार जुनी आहे. मुलांना ठरावीक दिवशी एरंडेल पाजण्याची पद्धत एके काळी घरोघरी रूढ होती. आता तिची जागा नाना प्रकारचे रस, चूर्णे व गोळ्या यांनी घेतली असून शरीरातील विषद्रव्ये काढून टाकण्याचे आश्वासन देऊन त्या विकल्या जातात. हा प्रचार खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचला असल्याने त्यात तथ्य किती व धोका किती, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

निरोगी शरीरात शुद्धीचे कार्य अखंड चालू असते. मद्य, औषधे, तसेच प्रथिनांच्या चयापचयातून निर्माण होणारा अमोनिया यांचे रूपांतर यकृत करते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक भाग रक्तात परत जातो व साधारण दीड लिटर मूत्रावाटे टाकाऊ द्रव्ये बाहेर पडतात. जुलाबाच्या औषधाने हे कार्य वाढत नाही. शरीरातील पाणी व क्षार मात्र कमी होतात. आंत्रपुच्छाचा दाह असताना घेतलेला जुलाब तर जिवावर बेतू शकतो. आयुर्वेदातील शोधन-चिकित्साही रुग्णाचे वय, बल व प्रकृती पाहून वैद्याने करावयाची असते. ती ऐकीव माहितीवर करण्याची गोष्ट नव्हे.

याबाबत दुधी भोपळ्याच्या रसाचे उदाहरण बोलके आहे. आरोग्यदायी म्हणून घेतलेल्या कडू रसामुळे तीव्र वांत्या, रक्तस्राव व मृत्यूही घडल्याची नोंद आहे. कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात व त्यांवर विशिष्ट उतारा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी सुचविल्याप्रमाणे, रस काढण्यापूर्वी लहानशी फोड चाखावी, कडू लागल्यास दुधी टाकून द्यावा आणि रस घेतल्यावर मळमळ वा अस्वस्थता जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

अँटिऑक्सिडंट अर्थात प्रतिऑक्सिडीकारक द्रव्यांसंबंधीही असाच विवेक हवा. पेशींतील चयापचयात निर्माण होणाऱ्या अतिक्रियाशील कणांना ही द्रव्ये आवर घालतात. 'क' व 'ई' जीवनसत्त्वे आणि कॅरोटीन ही त्यांपैकीच होत. मग त्यांच्या गोळ्या घेतल्यास अधिक लाभ होईल, असा तर्क साहजिक होता. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील तशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. फळभाज्यांतील अनेक घटकांच्या एकत्रित गुणाची बरोबरी एका गोळीने होत नाही, हा यातील बोध होय.

पचनाचे आरोग्य राखण्याचा मार्ग साधा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दररोज किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या आणि २५ ग्रॅम तंतुमय अंश घ्यावा. हा अंश मळाचे आकारमान वाढवतो व मोठ्या आतड्यातील उपकारक जीवाणूंचे अन्न बनतो. ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, सालीसह डाळी, मेथी, शेवग्याचा पाला, पेरू व आवळा हे पदार्थ त्यासाठी पुरेसे आहेत. सोबत पुरेसे पाणी व रोजची हालचाल हवी, तंबाखू व मद्य वर्ज्य हवे.

मळातून रक्त जाणे, कावीळ, कारणाविना वजन घटणे किंवा शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल ही लक्षणे शुद्धीच्या काढ्याने दडपू नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनी द्यावी.

शाळेची परसबाग, अंगणवाडीतील आहार आणि गावाचे शुद्ध पाणी यांकडे शिक्षक व पंचायत सदस्यांनी लक्ष पुरविले, तर गावाचे आरोग्य राखण्यास त्याचा मोठा हातभार लागेल. महागड्या बाटलीवर खर्च होणारा पैसा भाजी-फळांकडे वळला, तर त्याचा लाभ साऱ्या कुटुंबाला होईल.