इंग्रजी शब्दांचा विवेक : रेअर, अनयूज्वल, युनीक



नित्य न घडणाऱ्या घटनांसाठी इंग्रजीत अनेक शब्द आहेत. वर्गात मात्र त्या सर्वांचा अर्थ पुष्कळदा ‘दुर्मिळ’ एवढाच सांगितला जातो. सन २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तेव्हा या शब्दांतील भेद दाखविण्याचे काम प्राथमिक शिक्षकाकडेच आले आहे.

‘रेअर’ म्हणजे जे घडते, परंतु क्वचित घडते. ‘अनयूज्वल’ म्हणजे नेहमीच्या रीतीहून निराळे. ‘युनीक’ म्हणजे एकमेव. ‘अनप्रेसिडेंटेड’ म्हणजे पूर्वी कधीही न घडलेले, अभूतपूर्व.

नवीन जालन्यातील विद्यार्थ्यास उदाहरणे शोधण्यास दूर जावयास नको. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर उल्काघाताने झाले. काळ्या बसाल्ट खडकातील असे विवर ‘युनीक’ आहे, असे सहज म्हटले जाते. वस्तुतः तशी विवरे ब्राझीलमध्येही आहेत. म्हणून येथे ‘रेअर’ हाच शब्द योग्य होय. मराठवाड्यास गारपीट नवी नाही. परंतु २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ती जितके दिवस व जितक्या विस्तृत प्रदेशावर झाली, ते ‘अनयूज्वल’ होते.

वाक्प्रचार शिकविताना अधिक सावध असावे. ‘वन्स इन अ ब्लू मून’ याचे ‘निळ्या चंद्रात एकदा’ असे भाषांतर निरर्थक होय. मराठीत त्यास ‘कपिलाषष्ठीचा योग’ आहे. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतिपात योग आणि हस्त नक्षत्री सूर्य इतके सारे एकत्र यावे, तेव्हा तो येतो. एका इंग्रजी महिन्यातील दुसऱ्या पौर्णिमेस आज ‘ब्लू मून’ म्हणतात. अशी पौर्णिमा ३१ ऑगस्ट २०२३ रोजी आली. त्याच वर्षी अधिक श्रावणही होता. सौर व चांद्र वर्षांतील सुमारे अकरा दिवसांच्या अंतरामुळेच दोन्ही गोष्टी अडीच-तीन वर्षांनी घडतात. म्हणजे वाक्प्रचाराचा अर्थ ‘फार क्वचित’ असला, तरी ही पौर्णिमा तितकी दुर्मिळ नाही.

हा केवळ भाषेचा प्रश्न नव्हे. २०१२-१३ च्या दुष्काळास कोणी ‘अनप्रेसिडेंटेड’ म्हटले, तर १९७२ चा दुष्काळ विस्मरणात जातो. जे पूर्वी घडलेच नाही, त्याची तयारी कोण करणार? उलट, ‘क्वचित, पण पुनःपुन्हा घडणारे’ असे म्हटले की विहीर, बंधारा व चारा यांची चिंता आधीच केली जाते.

यास्तव शब्द फळ्यावर लिहिण्यापूर्वी मुलांना तीन प्रश्न विचारावेत : हे पूर्वी घडले होते काय? किती काळाने घडते? यात नेहमीपेक्षा निराळे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी घरच्या आजी-आजोबांकडून आणावे. ज्या मुलास उत्तर सापडेल, त्यास योग्य शब्दही सापडेल.