प्रेमाचा नकाशा आणि झाडीपट्टी

2010 च्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ या गाजलेल्या प्रेमविनोदी चित्रपटाच्या नावातच मराठी पडद्यावरील प्रेमाचा नकाशा सामावलेला आहे. मुंबईची तरुणी व पुण्याचा तरुण दिवसभर एकमेकांच्या शहरांची थट्टा करतात. ती बोचत नाही, कारण ती बरोबरीची आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाट्याला ही बरोबरी येत नाही. झाडीबोली बोलणारे पात्र आलेच तर बहुधा बावळट नोकर म्हणून. आदिवासी असेल तर पीडित किंवा बंदूकधारी. त्याच्यावर अन्याय होतो हे पडद्याला मान्य आहे, पण तोही प्रेमात पडून फजीत होऊ शकतो, हे सुचत नाही. ‘जैत रे जैत’ने (1977) ठाकरांची प्रेमकथा आणली, नायक-नायिका मात्र मोहन आगाशे व स्मिता पाटील. अभिनय उत्तमच होता, प्रश्न संधीचा आहे.

प्रेक्षक नाही, ही सबब खोटी आहे. धान निघाले की वडशाच्या नाटकमंडळ्या गावोगावी रात्रभर प्रेम आणि विनोद रंगवतात. शेतकरी-मजूर तिकीट काढून बसतात. अर्थात तीही रंगभूमी मुख्यतः मराठीच बोलते. भामरागडची माडिया, सिरोंच्याची तेलुगू, मुलचेऱ्याच्या निर्वासितांची बंगाली तिच्या दाराबाहेरच राहते.

राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देते. त्या तिजोरीत एटापल्लीचा मजूरही साबण-काडेपेटी घेताना कर भरतो. त्याच्या मुलीने पडद्यावर रुसावे, हसावे, नकारही द्यावा, अशी मागणी अनुदानाच्या नियमांत का नसावी?