समुद्रातला भोवरा आणि मावशींचं दुकान

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका मावशींनी सुक्या मासळीच्या धंद्यासाठी कर्ज मागितलं. आठवडी बाजारात बसून बोंबील, सुकट, खारा बांगडा विकायचा. बैठकीत एकीनं विचारलं, "माल कायम मिळंल का?" मी बी.ए. झालेली, पटकन बोलून गेले, "अगं, समुद्र काय आटतोय का? एवढं पाणी, तेवढे मासे!" माझ्या शब्दावर वीस हजार मंजूर झाले. पुढच्या मोसमात बांगडा इतका महागला की मावशींचे तीन हप्ते थकले. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच मनाला लागलं. मग मी समुद्राबद्दल मिळेल ते वाचायला लागले.

पहिलं कळलं ते हे, की पाणी आहे म्हणून मासे असतात असं नाही. समुद्राचा बराच भाग आपल्या माळरानासारखा आहे. माशांच्या अन्नाची सुरुवात होते डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पतींपासून. त्यांना प्लवक म्हणतात. प्लवकाला ऊन लागतं आणि पिकासारखंच नत्र, स्फुरद लागतं. ऊन असतं वरच्या थरात. पण मेलेलं, कुजलेलं सगळं खाली बसतं, म्हणजे खत राहतं अंधारात, गार पाण्यात. वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं गार आणि जड. दोन्ही आपणहून मिसळत नाहीत. शेतात आपण नांगरट करून खालची माती वर आणतो. समुद्रात ते काम वारा करतो, आणि भोवरे करतात.

भोवरा म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. चंद्रभागेला पाणी चढलं की आपण पोरांचा हात सोडत नाही. समुद्रातला हा भोवरा मात्र माणसाला ओढून नेणारा नाही. काही भोवरे सोलापूरहून पंढरपूरला जाऊन परत येण्याएवढे रुंद असतात. ते इतके संथ फिरतात की त्यावरून जाणाऱ्या होडीला पत्ताही लागत नाही. आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन् महिने ते टिकतात. आपल्याकडच्या समुद्रात जो भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, त्याच्या मध्यभागी खालचं गार, खताचं पाणी वर चढतं. तिथं प्लवक वाढतं, त्यावर बारीक जीव जगतात, त्यांच्यामागे मासे येतात. काट्यांच्या दिशेनं फिरणारा भोवरा बहुतेक वेळा उलटं करतो, वरचं पाणी खाली दाबतो.

आता आपल्या भीमेचं ऐका. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा आपल्या जिल्ह्यातून पुढे कर्नाटकात जाते, कृष्णेला मिळते, आणि कृष्णा जाते बंगालच्या उपसागराला. मुंबईचा समुद्र जवळचा वाटतो, पण आपल्या नदीची वाट पूर्वेची! गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी याही तिथंच जातात. नद्यांचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं, आमटीवर तेलाचा तवंग यावा तसं. हे झाकण इतकं घट्ट बसतं की पावसाळ्यातल्या वाऱ्यालाही ते नीट ढवळता येत नाही. मग खत वर येतं कसं? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले डॉ. एस. प्रसन्न कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जहाजातून जाऊन पाणी तपासलं आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापले. जिथं गार पाण्याचे भोवरे होते तिथं खत वर आलेलं होतं आणि हिरवं प्लवकही आजूबाजूपेक्षा जास्त होतं. म्हणजे झाकणाखालून ढवळणारा हा डाव होता!

महागाईला डिझेल, वादळं, बेसुमार मासेमारी अशीही कारणं असतात, सगळं भोवऱ्यावर ढकलायचं नाही. पण मासा समुद्रात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, एवढं खरं. म्हणून तर हैदराबादची महासागर माहिती सेवा, इन्कॉइस, उपग्रहावरून पाण्याचा हिरवेपणा आणि गारवा पाहून मासे कुठं सापडतील ते मच्छीमारांना कळवते. होडी उगाच फिरली नाही की डिझेल वाचतं.

मावशींचे हप्ते आता फिटलेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, म्हणून त्या पावसाळ्याचा माल मे महिन्यातच भरतात, आणि श्रावणात मासळी कोण घेणार, म्हणून शेजारी पापड-सांडगेही मांडतात.

परवा हे सगळं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे ताई, तिकडचा बांगडा आपल्याच भीमेच्या पाण्यावर पोसतोय म्हणायचा का?"

म्हटलं, "थोडासा, मावशी. बाकीचं पाणी उजनीत अडवलंय, ते उसाला जातं."