तुरुंगातला डोस पाड्यावर पूर्ण व्हावा



मे 2021 मध्ये केंद्र सरकारने ओळखपत्र नसलेल्यांनाही कोविडची लस देण्याची कार्यपद्धती ठरवली. त्यात कैदीही होते. कागदाची अडचण तेव्हा दूर झाली. आता अडचण सुटकेनंतरची आहे.

हिपॅटायटिस ‘बी’ची लस तीनदा घ्यावी लागते: पहिली, महिन्याने दुसरी, पहिलीपासून सहा महिन्यांनी तिसरी. आपल्या तुरुंगांत बहुतेक कच्चे कैदी आहेत. जामीन मिळाला की आपला आदिवासी बंधू पाड्यावर परततो आणि डोस राहून जातो.

बंदिवानांना भेटायला जाता, तेव्हा लसीची विचारपूस करा. पहारेकऱ्यांनाही विचारा. सुटणाऱ्याच्या हाती नोंदीचा कागद आहे ना, पाहा. पुढच्या तारखेला त्याच्यासोबत आरोग्य केंद्रात जा. हीसुद्धा बंदिवानाची भेटच आहे.